एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं

मराठी माणसाला स्पेनमधलं तोलेदो माहीत असतं ते तलवारींमुळे. सतराव्या शतकात युरोपातून येणारी लांब, सरळ पाती आपल्याकडच्या मुठींत बसवली जात. त्या तलवारींना फिरंग म्हणत. त्यांतली बरीच पाती जर्मनीतली आणि इटलीतलीही होती, पण आपल्या कानांवर नाव राहिलं ते तोलेदोचं. आजही या गावाच्या गल्ल्यांत दुकानांच्या काचेमागे तलवारी ओळीने टांगलेल्या असतात. मी त्यांच्यासमोर फार थांबले नाही. मला या गावात बाराव्या शतकातली काही माणसं शोधायची होती. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हतं, बोरू होता.

ऑफिसच्या कामासाठी माद्रिदला आले होते. मध्ये एक शनिवार मोकळा मिळाला. बरोबरचे सगळे प्रादो संग्रहालयात निघाले, मी सकाळी आतोचा स्टेशनवर जाऊन तोलेदोची गाडी पकडली. अर्ध्या तासाचा प्रवास. बाहेर सपाट, कोरडं, पिवळट रान. चित्रं बघायला मलाही आवडतात, पण हे गाव मला एकटीनेच बघायचं होतं. सोबत कुणी असलं की एखाद्या भिंतीसमोर वीस मिनिटं का उभी आहेस याचं उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा ते उत्तर आपल्यालाच नंतर सापडतं.

तोलेदोचं स्टेशन १९१९ सालचं आहे. लाल विटा, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी, रंगीत काचा, लाकडाचं कोरीव छत, आणि या सगळ्यात तिकिटाची खिडकी. मुस्लिम कारागिरांनी ख्रिस्ती राज्यात घडवलेल्या शैलीला स्पेनमध्ये मुदेहार म्हणतात, तिची ही विसाव्या शतकातली आवृत्ती. जे लोक इथून घालवून दिले, त्यांच्या कमानी पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केल्यात. हा विचार गाडीतून उतरल्या उतरल्या मनात आला आणि दिवसभर सुटला नाही.

बहुतेक लोक स्टेशनबाहेरून बसने वर जातात. मी चालत निघाले. पंधरा-वीस मिनिटांत नदी येते. ताहो नदी या टेकडीला तीन बाजूंनी खोल घळीतून वळसा घालते, चौथ्या बाजूला तट आहे. गाव इथेच का वसलं हे सांगायला गाइड लागत नाही. रोमन आले, मग व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांनी इथे राजधानी केली, आठव्या शतकात मुस्लिम सत्ता आली, १०८५ मध्ये कास्तिया या ख्रिस्ती राज्याचा राजा सहावा आल्फोन्सो याने शहर घेतलं. ते त्याने लुटून घेतलेलं नव्हतं, शहर अटींवर शरण आलं होतं. म्हणून ग्रंथ शाबूत राहिले, आणि ते वाचू शकणारी माणसंही राहिली. माझ्या दृष्टीने तोलेदोच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

स्टेशनजवळच्या एका नव्या पुलाला आसार्किएलचं नाव दिलंय. अकराव्या शतकातला हा खगोलज्ञ, अरबी नाव अझ-झर्काली. हात धातूकामात बसलेला, उपकरणं करता करता गणिताकडे वळलेला. या नदीकाठी त्याने दोन हौद बांधले होते. चंद्र वाढू लागला की त्यांत पाणी चढायचं, पौर्णिमेला हौद भरायचे, मग कलेकलेने पाणी उतरायचं. म्हणजे तिथी पाण्यात बघायची. बाराव्या शतकातल्या एका अरबी भूगोलकाराने हे लिहून ठेवलंय. पुढे आतली रचना समजून घ्यायला ते यंत्र उघडलं गेलं, आणि पुन्हा कुणालाच जोडता आलं नाही. मी आल्कांतारा पुलावर कठड्याला टेकून खालचं हिरवट पाणी बघत होते. पूल मूळचा रोमन, मग अरबांनी दुरुस्त केलेला, मग ख्रिस्ती राजांनी. हौदांची खूण कुठेच नाही.

याच काळात तोलेदोचा काझी होता साइद अल-अंदलुसी. आसार्किएलसारख्यांना त्याचा आश्रय होता. १०६८ साली त्याने जगातल्या राष्ट्रांवर एक ग्रंथ लिहिला. कोणत्या लोकांनी ज्ञानात भर घातली, कोणी नाही, याचा हिशेब. ज्ञानी राष्ट्रं त्याने आठ मोजली आणि त्यांत पहिलं नाव घेतलं हिंदचं. मग पर्शियन, खाल्डियन, ग्रीक, आणि असे पुढचे. हिंदच्या लोकांची आकडे लिहिण्याची पद्धत, त्यांचं खगोलशास्त्र, बुद्धिबळ, प्राण्यांच्या तोंडून नीती सांगणाऱ्या गोष्टी, सगळ्याची नोंद त्याने घेतली. त्यांचा देश फार लांब, म्हणून त्यांचे थोडेच ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले, ही खंतही लिहिली. या टेकडीवर बसून, कधीही न बघितलेल्या देशाबद्दल, एका न्यायाधीशाने. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

पुलापलीकडची चढण दमवते. पायऱ्या, वळणं, गोट्यांची फरसबंदी. वर सोकोदोव्हेर चौकात गर्दी, खेळण्यातली वाटावी अशी पर्यटकांची गाडी, आइस्क्रीम. तिथून निघाले आणि उतारावरच्या एका लहान इमारतीशी आले, तिथे मात्र पाय थांबले. ९९९ सालची मशीद. आज तिचं नाव क्रिस्तो दे ला लूझ, कारण पुढे तिचं चर्च झालं. जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. चार खांबांमुळे आत नऊ चौकोन तयार होतात आणि प्रत्येकावर घुमटी आहे, नऊ घुमट्यांची नऊ वेगवेगळी रचना. कमानपट्ट्या कुठे एकमेकींना छेदतात, कुठे चौकटीत फिरतात, कुठे तारा करतात. मान वर करून मी एकेक घुमटी बघत गेले. नऊच्या नऊ वेगळ्या करायची काहीच गरज नव्हती. खांबांची डोकी त्याहून जुनी, व्हिसिगॉथ काळातल्या इमारतीतून उचललेली. दर्शनी भिंतीवर विटांतच अक्षरं रचून बांधणाऱ्याचं नाव आणि साल लिहिलंय. पूर्वेच्या अंगाला बाराव्या शतकाच्या शेवटी चर्चचा अर्धगोल भाग जोडला, तोही त्याच पद्धतीच्या विटकामात. नवे मालक, जुनेच गवंडी.

कॅथेड्रलचं काम १२२६ मध्ये सुरू झालं. त्याआधी त्या जागी शहराची मुख्य मशीद होती, आणि आल्फोन्सोच्या विजयानंतर तिचंच कॅथेड्रल केलेलं होतं. मी ज्यांना शोधत होते ती माणसं त्या जुन्या इमारतीच्या आसपास वावरली. ‘तोलेदोची भाषांतरकारांची शाळा’ असा शब्द आपण पुस्तकांत वाचतो आणि डोळ्यांसमोर एखादा वाडा, ओळीने बसलेले पंडित असं काही उभं राहतं. अशी वास्तू कधी नव्हती. कॅथेड्रलशी जोडलेली, आर्चबिशपचा आधार असलेली काही माणसं होती, आणि त्यांनी कामाची एक रीत बसवली होती.

ती रीत एका प्रस्तावनेत नोंदलेली आहे. वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीनाचा आत्म्यावरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणायचा होता. इब्न दाऊद नावाचा ज्यू पंडित अरबी वाचून एकेक शब्द लोकांच्या रोजच्या बोलीत मोठ्याने सांगायचा, आणि दोमिंगो गुंदिसाल्वो हा धर्माधिकारी तो ऐकून लॅटिनमध्ये लिहायचा. अरबी शब्द ज्यू माणसाच्या तोंडून बाजारातल्या भाषेत यायचा आणि पाद्र्याच्या हातून विद्यापीठांच्या भाषेत जायचा. दोघांपैकी एकाला एकट्याने हे काम झेपलं नसतं. मधली बोली तेव्हा ग्रंथांची मानली जात नव्हती, भाजी-मीठ घेण्याची होती. पण सगळा भार तिने पेलला. ‘तीन संस्कृतींचं शहर’ असं तोलेदोच्या जाहिरातींत वाचून मला फारसं काही होत नाही, ते वाक्य फार गोड आहे. पण मेजाच्या दोन बाजूंना बसलेली ही दोन माणसं मला खरी वाटतात. एकमेकांच्या धर्माबद्दल त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. एकाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागत होतं, आणि तो थांबत होता.

इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड इथे आला तो प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथाच्या शोधात. लॅटिनमध्ये तो मिळत नव्हता, अरबीत इथे होता. जेरार्ड आला, अरबी शिकला आणि परत गेलाच नाही. गालिब नावाचा अरबी बोलणारा ख्रिस्ती त्याच्या मदतीला होता. ११८७ मध्ये जेरार्ड वारला तोवर सत्तरच्या वर ग्रंथ झाले होते. वैद्यक, भूमिती, तत्त्वज्ञान, बगदादचा गणिती अल-ख्वारिज्मी याचं बीजगणित. कशावरही त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं, म्हणून शेवटी शिष्यांनीच बसून यादी केली.

जेरार्डचं जन्मसाल १११४. हा आकडा चाळीसगावच्या मुलीला पाठ असतो. आमच्या गावापासून जवळच, सातमाळ्याच्या कुशीत पाटण आहे, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांचं नाव आम्ही तिथे शाळेच्या सहलीत ऐकलं, वडाच्या सावलीत दशम्या खाताना. भास्कराचार्यांचा जन्मही १११४ चा. लीलावती ११५० ची. पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी शोधून काढला. त्यातलं संस्कृत संपलं की पुढे जुनी मराठी सुरू होते, कारण बाजारातल्या मालावरचा कोणता कर मठाला द्यायचा हे बाजाराला समजायला हवं होतं.

एकाच साली जन्मलेल्या या दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. भास्कराचार्यांचं लेखन तोलेदोला पोचलेलं नाही. जे पोचलं ते त्यांच्या आधीचं. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेचं खगोलगणित आठव्या शतकात बगदादच्या खलिफाच्या दरबारात गेलं, अरबी झालं, आणि फिरत फिरत अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये आलं. अल-ख्वारिज्मीची ग्रहकोष्टकं ज्या मध्यरेषेवरून मोजली होती ती ‘अरीन’ची, म्हणजे आपल्या उज्जैनची. पुढे लॅटिन पंडितही पृथ्वीच्या मध्यावर अरीन नावाचं शहर आहे असं धरून चालले. नऊ अंकांची आकृती तर उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दाच्या मठात ९७६ सालीच एका हस्तलिखितात उतरली होती. शून्य तेवढं नव्हतं. आणि पंचतंत्राचं अरबी रूप, कलिला आणि दिमना, १२५१ मध्ये कास्तियाच्या बोलीत आलं, युवराज आल्फोन्सोच्या आज्ञेवरून. तो याच तोलेदोत जन्मलेला, पुढचा दहावा आल्फोन्सो. त्याच्या काळी लॅटिनची पायरी मागे पडू लागली आणि ती मधली बाजारातली भाषाच ग्रंथांची भाषा झाली. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे ताहोच्या काठी पोचले ते असे, भाषांचे नाके ओलांडून.

कॅथेड्रलमध्ये मी बराच वेळ होते. वेदीमागे छत फोडून वरून उजेड आणलेला त्रान्सपारेन्ते आहे, संगमरवरी देवदूतांची दाटी, १७३२ मध्ये पूर्ण झालेला. लोक तिथे माना वर करून उभे असतात. मला त्यापेक्षा कोपऱ्यातलं मोझाराबांचं लहान देवघर जवळचं वाटलं. मुस्लिम राजवटीत राहून अरबी बोलू लागलेल्या ख्रिस्ती लोकांची जुनी उपासनापद्धती तिथे अजून चालू आहे. भाषांतराच्या मेजावरचे गालिबसारखे लोक याच समाजातले.

जेवण एका गल्लीतल्या लहान खाणावळीत. पिस्तो मान्चेगो, म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी मंद आचेवर शिजवलेली, वर अंडं. मग एका जोगिणींच्या मठातला मासापान घेतला. बदाम आणि साखर, खाली पातळ भाजलेला रंग. आपल्या बदामाच्या वडीसारखा, फक्त तूप आणि वेलदोडा नाही. हातात कागदी पुडी घेऊन सान्तो तोमेच्या चर्चकडे वळले.

तिथे एल ग्रेकोचं एकच मोठं चित्र बघायला रांग लागते. ओरगाथच्या सरदाराचं दफन, १५८६ ते १५८८ मधलं. १३२३ मध्ये वारलेला हा धर्मशील सरदार. गावाने दरवर्षी या चर्चला मेंढ्या, कोंबड्या, द्राक्षारस, सरपण आणि रोकड द्यावी असं त्याने लिहून ठेवलं होतं. दोन-अडीच शतकांनी गावाने हात आखडला. इथला धर्मगुरू कोर्टात गेला, जिंकला, आणि मग चित्र काढून घेतलं. खाली जमिनीवर संत स्वतः उतरून प्रेताला हात लावताहेत, मागे तोलेदोच्या प्रतिष्ठितांची ओळ, वर ढगांत स्वर्ग. मी सर्वांत जास्त बघितलं ते समोरच्या मुलाकडे. तो चित्रकाराचा मुलगा. त्याच्या खिशातल्या रुमालावर एल ग्रेकोची सही आहे, ग्रीक लिपीत. क्रीट बेटावरचा हा माणूस १५७७ मध्ये तोलेदोत आला आणि १६१४ मध्ये इथेच गेला. लोक त्याला नुसतं ‘ग्रीक’ म्हणत राहिले, तोही शेवटपर्यंत आपलं पूर्ण नाव आपल्या अक्षरांत लिहीत राहिला. परदेशी कचेऱ्यांच्या फॉर्मवर मी देवनागरीत सही करते, तिच्याबद्दल मला कधी कधी प्रश्न विचारतात. त्या रुमालासमोर मला फार बरं वाटलं.

त्यापुढे ज्यूंची वस्ती होती ती बाजू. एल त्रान्सितोचं सिनेगॉग चौदाव्या शतकाच्या मध्यात बांधलं शमुएल हा-लेवी याने, कास्तियाच्या पेद्रो राजाचा हा खजिनदार. बाहेरून साधी भिंत. आत गेलं की उंच दालन, वर लाकडी छत, आणि भिंतींच्या वरच्या भागात गिलाव्यात कोरलेल्या वेली. त्यांच्यामधून हिब्रू ओळी जातात, कुठे अरबी अक्षरंही आहेत, आणि मध्येच कास्तियाचं राजचिन्ह. ही इमारत मला त्या मेजाचीच आठवण करून देत राहिली, सगळ्या लिप्या एका भिंतीवर. बायकांनी बसायचा सज्जा वर आहे. तिथून भिंतीवरच्या ओळी सर्वांत नीट दिसत असणार.

ज्या राजाचं चिन्ह भिंतीवर कोरलं त्याच राजाने काही वर्षांत शमुएलला पकडून सेव्हियाला नेलं. तो छळात मेला. १३९१ मध्ये स्पेनभर ज्यूंच्या कत्तली झाल्या, तोलेदोतही. पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. मग १४४९ मध्ये याच शहराने ठराव केला, की ज्यूंच्या वंशातले ख्रिस्ती लोक शहरातल्या अधिकाराच्या जागांवर बसू शकणार नाहीत. धर्म बदलून भागत नव्हतं, आता रक्त तपासायचं होतं. स्पेनमधला असा हा पहिला ठराव. १४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना देश सोडावा लागला. १५०२ मध्ये कास्तियातल्या मुस्लिमांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग हेच दोन पर्याय ठेवले.

मला या सिनेगॉगमध्ये संताप आला आणि तो मी लपवणार नाही. इब्न दाऊदला ज्या शहराने मेजावर बसवलं, त्याच्या वंशजांना त्याच शहराने आधी दारातून आणि मग देशातून हाकललं. रक्ताची शुद्धता मोजणारे लोक मला आमच्याकडेही भेटतात, सुशिक्षित असतात, जेवायला बोलावतात. त्या दालनात उभं राहून ते चेहरे आठवत होते. जवळच सान हुआन दे लोस रेयेसचा मठ आहे, राणी इसाबेल आणि राजा फेर्नान्दोने बांधलेला. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळदंड टांगलेत, मुस्लिमांच्या कैदेतून सोडवलेल्या ख्रिस्ती बंदिवानांचे. ते सुटले याचा आनंद खराच आहे. पण याच दोघांच्या सहीने जे देशोधडीला लागले, त्यांची एकही वस्तू तिथे टांगलेली नाही.

सान मार्तीनचा पूल ओलांडून पलीकडून शहर बघितलं. मधली कमान चाळीस मीटरची. बांधणाऱ्याच्या लक्षात आलं की आधाराचं लाकूड काढलं तर कमान ढासळेल, तेव्हा त्याच्या बायकोने रात्री जाऊन ते लाकूडच पेटवून दिलं आणि पूल नव्याने बांधायला वेळ मिळवून दिला, अशी दंतकथा सांगतात. ही बाई मला आवडते.

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून मी पुन्हा गल्ल्यांतून कॅथेड्रलच्या मागे गेले. सान्ता इसाबेलच्या चौकात एक जुना वाडा आहे, त्याला राजा पेद्रोचाच वाडा म्हणतात. आज तिथे कास्तिया-ला मान्चा विद्यापीठाची भाषांतरकारांची शाळा आहे, १९९४ मध्ये सुरू झालेली. अरबी आणि हिब्रूतून स्पॅनिशमध्ये भाषांतर शिकवतात, करतात, छापतात. दगडी चौकटीशेजारी पाटी आहे. शमुएलला संपवणाऱ्या राजाच्या नावाच्या वाड्यात कुणीतरी पुन्हा अरबी मोठ्याने वाचतंय, हिब्रू वाचतंय. मी त्या पाटीचा फोटो काढून घरी पाठवला.

गाडीत बसल्यावर ठरवलं, साइद अल-अंदलुसीचा तो ग्रंथ मराठीत यायला हवा. इंग्रजीवरून नको, सरळ अरबीतून. पुण्यात, औरंगाबादेत, मालेगावात अरबी उत्तम जाणणारे लोक आहेत. मला अरबी येत नाही. पण त्यांच्यापैकी कुणी तयार असेल तर त्यांनी वाचावं, आपल्या बोलीत सांगावं. समोरच्या खुर्चीवर मी वही घेऊन बसते.